बाटली आडवी होते, मग खुर्ची का नाही? विधानसभेच्या २८८ आमदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे सर्व सदस्य,
विधान भवन, मुंबई

आमदार साहेब, आमदार ताई, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पीएकडे सरकवू नका, स्वतः वाचा एवढीच विनंती. मंत्र्यांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय कारण नगरसेवक, सरपंच, झेडपी सदस्य यांना आम्ही निवडून देतो खरं, पण एकदा निवडून दिल्यावर त्यांना कोण आणि कसं काढू शकतं हे ठरवणारा कायदा तुमच्या हातात आहे. दिल्लीच्या नाही. स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे त्यावर कायदा राज्यानेच करायचा. खासदार-आमदार परत बोलवायचं म्हटलं की "घटनादुरुस्ती लागते हो त्याला" म्हणून विषय मिटवला जातो, जयप्रकाश नारायण यांनी १९७४ ला मागणी केली तेव्हापासून हेच चाललंय, अण्णा हजारेंनी २०११ ला परत काढली तेव्हाही तेच. ठीक आहे, तुमची स्वतःची खुर्ची आज बाजूला ठेवू, घाबरू नका. मी फक्त खालच्या खुर्च्यांबद्दल बोलतोय, त्यांच्यावर बसलेल्यांना मतदाराला मधेच परत बोलावता यावं एवढीच मागणी आहे, आणि तिथे मुंबईत किंवा नागपुरात एक विधेयक पास केलं की काम होतं.

आता मुद्द्यावर येतो. २००८ चा उभी बाटली आडवी बाटलीचा आदेश आठवतोय ना? नसेल तर तुमच्या मतदारसंघातल्या बचत गटातल्या बायकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतो. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दारूच्या दुकानाला कुलूप. यात एक मेख आहे, निम्म्याहून जास्त म्हणजे यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त, मतदानाला आलेल्यांच्या नाही, म्हणजे जी बाई कामावर गेली, जी माहेरी गेली, जिचं नाव यादीत आहे पण ती आता पुण्याला राहते, ती सगळी मतं आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जातात. इतकी कडक अट असूनही बायकांनी कितीतरी गावांत दुकानं बंद करून दाखवलीत.

म्हणजे बघा, परवाना सरकारने दिला, फी सरकारने घेतली, आणि तो परवाना मधेच रद्द करायचा अधिकार सरकारनेच मतदाराला दिला. कोणी म्हटलं नाही की यामुळे अराजक माजेल. मग देशी दारूच्या दुकानदाराला मतदाराची जी भीती वाटते ती आमच्या नगरसेवकाला का वाटू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

आता तुमच्यातले काही जण लगेच म्हणतील की अहो सरपंचासाठी तशी सोय आहे की. आहे, अर्धी आहे, आणि ती अर्धी सोय कशी चालते ते मी बघितलंय म्हणून तर लिहितोय.

२०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं (२०२० ला ते रद्द झालं आणि २०२२ ला परत आलं, पाच वर्षांत तीनदा कायदा फिरवताना घाई कोणाला होती ते तुम्हालाच माहीत). थेट निवडलेला सरपंच नुसत्या सदस्यांनी काढला तर गावाच्या मताला काय अर्थ, म्हणून मग अशी व्यवस्था केली की पहिली दोन वर्षं अविश्वास नाही, शेवटच्या सहा महिन्यांत नाही, मधे आणायचा तर तहसीलदारांकडे नोटीस, त्यांनी बोलावलेल्या बैठकीत तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव पास करायचा आणि तरीही सरपंच जात नाही, तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी बसतो आणि गाव गुप्त मतदानाने ठरवतं. हा शेवटचा भाग मला फार आवडतो, खरंच. महाराष्ट्रात मतदाराने मधेच "राहू दे" किंवा "जाऊ दे" म्हणायची ही जवळजवळ एकच जागा आहे.

माझ्या आजोळी अशी एक ग्रामसभा झाली होती. झेडपी शाळेच्या मैदानात मांडव टाकलेला, दोन रांगा, बायकांची वेगळी, यादी घेऊन बसलेले मास्तर, दाराशी दोन पोलीस, मोबाईल बाहेर ठेवायचे म्हणून शाळेच्या ओट्यावर मोबाईलचा ढीग आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला एक म्हातारे आजोबा बसवलेले. सरपंच बाई होती, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिचा गुन्हा काय तर एका सदस्याच्या भावाने केलेल्या गटाराच्या कामाचं बिल तिने सही न करता तसंच ठेवलं होतं, कारण गटार अर्धंच होतं, पुढे नुसती चर खणलेली. सदस्यांनी एक होऊन तीन चतुर्थांश जमवले, ठराव पास, सगळ्यांना वाटलं बाई गेली. आणि ग्रामसभेत गावाने तो ठराव आपटला. रांगेतली एक आजी बाहेर येऊन मामाला म्हणाली, "गटार माझ्या दारात अर्धं हाय, मला नको सांगू कोण खरं बोलतंय."

त्या दिवशी माझ्या डोक्यातला एक गैरसमज गेला की मतदाराला अधिकार दिला की तो उठसूट माणसं काढत सुटेल. उलट सदस्य काढायला निघाले होते आणि मतदाराने वाचवलं.

पण आता याची दुसरी बाजू बघा. शेवटचा शब्द गावाचा आहे पण पहिला शब्द सदस्यांचाच. सदस्यांनी ठराव आणलाच नाही तर गावाला विचारतच नाही कोणी. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत धरा, सरपंचाने तीन जण खिशात ठेवले की बाकीचे सहा कितीही ओरडले तरी तीन चतुर्थांश होत नाही, विषय तिथेच संपला. तीन माणसं सांभाळायला काय लागतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, एखादं काम, एखादं घरकुल, आणि अगदीच वेळ आली तर सहल. अविश्वासाची नोटीस पडली की सदस्य सहलीला जातात हे आता पोरांनाही माहितीय, कधी गोवा कधी महाबळेश्वर, बैठकीच्या सकाळी गाडी थेट पंचायतीच्या दारात. आणि ठराव फसला की पुढची दोन वर्षं परत आणता येत नाही. म्हणजे सरपंच नालायक निघाला आणि हुशारही निघाला तर दोन हजार मतदारांच्या गावाने तीन माणसांच्या तोंडाकडे बघत पाच वर्षं काढायची.

हे झालं सरपंचाचं, निदान काहीतरी आहे. नगरसेवकाचं काय? काहीच नाही. ग्रामपंचायत सदस्याचं? नाही. पंचायत समिती, झेडपी सदस्य? मतदाराच्या हातात शून्य.

नगरसेवकाचं पद मधेच जात नाही असं नाही हां. जातं. जातीचा दाखला वैध ठरला नाही तर जातं. अनधिकृत बांधकाम निघालं तर जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर जातं. कितीतरी जण असे घरी गेलेत, आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा पडलेला विरोधी उमेदवार असतो, वकील लावून, तारखा घेऊन. पण पाच वर्षं वॉर्डात फिरकला नाही म्हणून जात नाही. सभेच्या हजेरीत नाव लागलं की झालं, तोंड उघडलं का, वॉर्डाचा एक प्रश्न मांडला का, ते कोणी बघत नाही. आमच्या वॉर्डात चेंबरचं झाकण फुटलं तेव्हा लोकांनी त्यात झाडाची फांदी उभी करून ठेवली, गाडीवाल्यांना दिसावी म्हणून, तिला वरती लाल फडकं बांधलं. ते फडकं उन्हाने पांढरं पडलं, पण झाकण काही आलं नाही. नगरसेवकाचा फोन लागत नाही आणि वॉर्डाचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे त्यात फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतो, त्यामुळे आम्हाला त्यांच्या वाढदिवसाचे बॅनर दिसतात, त्यांना आमची फांदी दिसत नाही. यावर कायदा काय सांगतो? पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा.

आणि पुढची निवडणूक कधी, हेही तुम्हीच सांगा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. बाकीच्या शहरांतही हीच कथा. "काम नाही केलं तर पाच वर्षांनी मतदार धडा शिकवतोच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, ज्या राज्यात पाच वर्षांची निवडणूक नऊ वर्षांनी होऊ शकते तिथे ते वाक्य कृपा करून परत बोलू नका. नऊ म्हणजे नऊच, आधीची निवडणूक २०१७ ची.

बिनविरोधचा तर विषयच वेगळा. जिथे मतदानच झालं नाही तिथे मतदाराने त्या माणसाला निवडलंय असं तरी कसं म्हणायचं? २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, इथे पदांचा लिलाव झाल्याचं पुढे आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली होती. आयोगाला सलाम. पण जिथे व्हिडिओ बाहेर आला नाही तिथे काय झालं असेल? बोली लावून घेतलेल्या पदावरचा माणूस आधी लावलेले पैसे वसूल करणार, यात समजायला अवघड काय आहे. अशा माणसाला निदान एवढं तरी वाटलं पाहिजे की दोन वर्षांनी गाव सह्या गोळा करू शकतं.

तसं महाराष्ट्राने यात काहीच केलं नाही असं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्याच निवडणूक आयोगाने आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर ती निवडणूक परत घ्यायची. लोकसभा-विधानसभेला हे नाही, नोटा पहिला आला तरी दुसरा आलेला उमेदवार जिंकतो. म्हणजे आत येण्याआधी नाकारायचा हक्क आम्हाला खालच्या पातळीवर मिळालाय. आत आल्यानंतरचा राहिलाय.

आता शेजारी काय झालं ते बघू. मध्य प्रदेशने नगरपालिका कायद्याच्या कलम ४७ मध्ये नगरपालिकेच्या अध्यक्षाला मतदारांनी मधेच काढायची सोय आणली आणि २००० च्या सुमारास अनूपपूरला देशातलं असं पहिलं मतदान झालं. तिथे मतपत्रिकेवर काय असायचं माहितीय? भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. अध्यक्ष राहावा वाटत असेल तर भरलेली, जावा वाटत असेल तर रिकामी. आपल्या बाटलीचीच बहीण! छत्तीसगडने तोच कायदा चालवला आणि २००८ ला गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर या तीन ठिकाणच्या अध्यक्षांना लोकांनी एकदमच घरी पाठवलं. राजस्थानात बारां जिल्ह्यातल्या मांगरोळला २०१२ ला मतदान झालं, तिथे अध्यक्ष टिकला. म्हणजे परत तेच, लोक बघून ठरवतात.

पण या तिन्ही राज्यांच्या कायद्याला आपल्या सरपंचाच्या कायद्याचाच रोग आहे. आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या करायच्या, मग कलेक्टर, मग पुढचं. मतदार शेवटी शिक्का मारायला येतो, सुरुवात करू शकत नाही. आणि नगरसेवक हे हत्यार कधी काढणार? जेव्हा अध्यक्ष टेंडरमध्ये त्यांना विचारत नसेल तेव्हा.

हरियाणाने २०२० ला उलटं केलं, सुरुवात मतदाराकडे दिली, मला ते योग्य वाटतं. पण अट काय, पन्नास टक्के मतदारांच्या सह्या, आणि मग गुप्त मतदानात दोन तृतीयांश विरोधात. बिहारने तर नगरसेवकासाठी वॉर्डातल्या दोन तृतीयांश मतदारांच्या सह्या मागितल्या. हिशोब करा, सहा हजार मतदारांचा वॉर्ड, चार हजार सह्या पाहिजेत. आणि तो नगरसेवक स्वतः निवडून आला असेल पंधराशे-सोळाशे मतांवर, कारण उमेदवारच सात होते! जो अधिकार वापरायला जिंकण्याच्या अडीचपट माणसं लागतात तो अधिकार कागदावर शोभेला आहे. असला कायदा आणणार असाल तर आणूच नका, उगाच फ्लेक्स लागतील "मतदारांना ऐतिहासिक अधिकार" म्हणून.

आता मी स्वतःच्याच मागणीविरुद्ध जे सगळ्यात मोठं कारण आहे ते सांगतो, कारण तुम्ही सभागृहात तेच काढणार आणि ते खोटंही नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत, शिवाय एससी, एसटी, ओबीसी आरक्षण. गावातल्या ज्या लोकांना अजूनही पटत नाही की सरपंचाच्या खुर्चीवर दलित बाई बसलीय आणि आपण समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, त्यांच्या हातात आपण सह्यांचा कागद देतोय का? अविश्वास ठराव कोणावर आणि कोणत्या कारणाने येतात हे ग्रामीण भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून तर महिला सरपंचासाठी आपल्या जुन्या कायद्यातही अविश्वासाला जास्त बहुमत ठेवलेलं होतं.

ही भीती मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, आजही तिला काढता येतंच, आणि काढायला सदस्यांची टोळी पुरते, निदान सुरुवात तरी त्यांच्याच हातात आहे. दुसरं, आजोळच्या त्या सरपंच बाईला कोणी वाचवलं ते मी वर लिहिलंय. सात-आठ माणसं एका रात्रीत फिरवता येतात, हजार बायका गुप्त मतदानात फिरवणं अवघड आहे. त्यामुळे या भीतीवरचा उपाय अधिकार न देणं हा नसून तो नीट बांधून देणं हा आहे. उदाहरणार्थ सह्यांमध्ये निम्म्या सह्या महिलांच्या असल्याच पाहिजेत अशी अट घाला ना. बाटलीच्या वेळी बायकांवर भरवसा ठेवलाच होता तुम्ही. आणि राखीव जागेवरचा माणूस गेला तर ती जागा मुदत संपेपर्यंत त्याच प्रवर्गाला राखीव राहील, म्हणजे आरक्षण उडवायला कोणी हा रस्ता वापरणार नाही.

सह्यांच्या बोगसगिरीचं काय, हाही प्रश्न येईल. येऊ दे. ग्रामसभेचा कोरम भरायला प्रोसिडिंग बुक घेऊन शिपाई घरोघर सह्या घेत फिरतो हे बघितलेल्या माणसाला सह्यांवर विश्वास कसा ठेवायचा हे चांगलंच कळतं. आणि हा रोग आपलाच आहे असं समजू नका. जपानसारख्या देशात, ऐची प्रांताच्या गव्हर्नरला काढण्यासाठी २०२० ला सुमारे ४ लाख ३५ हजार सह्या दिल्या गेल्या, तपासल्या तर त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त बोगस. अटका झाल्या. पण त्यांनी तो कायदा रद्द केला नाही, कारण त्याच देशात अकुने नावाच्या छोट्या शहराचा महापौर सभागृहाची बैठकच न बोलावता आपल्याच हुकमाने निर्णय रेटत होता आणि त्याला २०१० ला मतदारांनी याच कायद्याने काढलं. बैठक न बोलावणारे आपल्याकडे नाहीत असं म्हणणाऱ्याने हात वर करावा.

तैवानचं उदाहरण मला सगळ्यात जास्त पटतं, कारण तिथे आकडा कसा ठेवायचा याचा विचार केलाय. काओशुंग शहराचा महापौर २०१८ ला ८ लाख ९२ हजारांवर मतं घेऊन निवडून आला, मोठी लाट होती त्याची, आणि वर्षाच्या आत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. शहराला वाटलं आपण याला शहरासाठी निवडलं होतं. ६ जून २०२० ला मतदान झालं, त्याला काढा म्हणणारी मतं पडली ९ लाख ३९ हजार. नियम असा की काढा म्हणणारे ठेवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिजेत आणि एकूण मतदारांच्या किमान एक चतुर्थांश पाहिजेत. इथे तर तो ज्या मतांनी जिंकला होता त्यापेक्षाही जास्त मतांनी गेला. मग कोण म्हणेल की चार टाळक्यांनी कट केला? आणि त्याच तैवानमध्ये २०२५ ला विरोधी पक्षाच्या खासदारांना घाऊक काढायची मोहीम निघाली तेव्हा मतदारांनी ती साफ धुडकावली.

तर मागणी काय. नीट लिहून देतो, तुमच्या विधी विभागाला त्रास नको.

नगरसेवक, सरपंच, थेट निवडलेला नगराध्यक्ष, ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समिती आणि झेडपी सदस्य, या सगळ्यांसाठी सुरुवात मतदाराने करायची. पंचवीस टक्के मतदारांच्या सह्या, बाटलीइतक्याच, ना कमी ना जास्त. पहिली दोन वर्षं संरक्षण, शेवटचं वर्ष संरक्षण, आणि मधल्या काळात फक्त एकदा, फसलं तर परत नाही. सही घरोघर फिरणाऱ्या कागदावर नाही, मतदाराने ओळखपत्र घेऊन तहसील किंवा वॉर्ड ऑफिसला जाऊन करायची, दहा-पंधरा दिवस खिडकी उघडी ठेवा, रविवार धरून. ज्याला खरोखर राग आहे तो जाईल. पाचशे रुपयांसाठी सही करणारा एवढ्या लांब येत नाही, आणि आला तर निदान कॅमेऱ्यात दिसेल. सह्या करणाऱ्यांची यादी मात्र बाहेर फोडू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांचं पाणी बंद.

मतदान निवडणूक आयोगाने घ्यायचं, कलेक्टर आणि तहसीलदारांवर स्थानिक दबाव किती असतो ते तुम्ही जाणता, बऱ्याचदा फोन तुमचाच असतो. काढा म्हणणारी मतं ठेवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिजेत, शिवाय त्या माणसाला निवडून येताना जेवढी मतं पडली होती त्याच्यापेक्षाही जास्त पाहिजेत. बिनविरोध आलेल्याला मतंच पडलेली नसतात, तर त्याच्यासाठी एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश अशी अट ठेवा, तैवानसारखी. चार जणांच्या प्रभागात कोणाला काढायचं हा गोंधळ होईल असं म्हणू नका, अ ब क ड अशा जागा तुम्हीच वेगवेगळ्या पाडल्यात, तर जागेप्रमाणे मतदान होईल. खरं तर चार जणांचा प्रभाग असला की प्रत्येक जण "ते काम माझ्याकडे नाही" म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवतो, या कायद्याने तेवढं तरी थांबेल.

काढलेला माणूस पोटनिवडणुकीला उभा राहू शकला पाहिजे. होय, राहू दे. लोकांना वाटलं चूक झाली तर परत निवडतील, त्याची अब्रू कायमची घालवायचा हा कार्यक्रम नाही. आणि सदस्यांनी अविश्वास आणायची आजची पद्धत सरपंचासाठी हवी तर राहू द्या, पण गावाचा रस्ता त्यांच्या दारातून जाऊ नये एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर एका वॉर्डाचं मतदान म्हणजे दोन-चार बूथ, एक दिवस. बाटलीच्या मतदानाला कधी खर्चाची चर्चा झाल्याचं मी ऐकलं नाही.

कोर्टाची भीती घालू नका. १९९२ ला रायबरेलीच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने थेट जनतेतून निवडलेल्या नगरपालिका अध्यक्षाला सदस्यांनी अविश्वासाने काढणंही वैध धरलं होतं, कारण असा अधिकार कोणाला किती द्यायचा हे कायदा करणाऱ्याने ठरवायचं असतं. जनतेने निवडलेला सदस्यांनी काढला तरी चालतो, मग जनतेने निवडलेला जनतेने काढला तर कोर्ट का अडवेल?

मला माहितीय खरी अडचण कुठे आहे. नगरसेवक आणि सरपंच हेच तुमचे बूथ सांभाळतात, तुमच्या सभेला माणसं तेच आणतात, त्यांच्या खुर्चीखाली आग लावायला तुम्हाला जड जाणार. सत्ताधारी म्हणतील विरोधकांना मुद्दा मिळेल, विरोधक म्हणतील उद्या आम्ही सत्तेत आलो तर. पण २०१७, २०२०, २०२२ ला सरपंचाचा कायदा फिरवताना दोन्ही बाजूंनी "जनतेच्या हिताचं" म्हणूनच भाषणं केली होती ना?

तुमच्यापैकी कोणीही एक जण अशासकीय विधेयक आणू शकतो, त्यासाठी मंत्री असावं लागत नाही. येणाऱ्या अधिवेशनात कोणी आणलं तर मी आणि आमच्या वॉर्डातले लोक त्यावर जाहीर सूचना पाठवू, मसुद्यातल्या चुका काढू, आकडे बदला म्हणू, भांडू. कोणीच आणलं नाही तर तुमच्या कार्यालयात येऊन मी एकच गोष्ट लेखी मागणार आहे, की तुम्ही या मागणीच्या बाजूने आहात की विरोधात. उत्तर आलं तर तसं, नाही आलं तर तसं, दोन्ही आम्ही वॉर्डात फलकावर लावू.

आपला,
नगरपरिषद हद्दीतला एक मतदार

ता.क. चेंबरचं झाकण अजून आलेलं नाही. हे तुमचं काम नाही हे मला माहितीय, ज्यांचं आहे त्यांना फोन लागला तर सांगा.